भुरीचं मेजरमेंट बुक

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



या व्यासपीठावर बोलणारे बहुतेक विद्वान असतात. मी डिप्लोमा झालेला, सरकारी नोकरीतला साधा उपयंत्री. रस्ते आणि पुलिया मोजणं हे माझं काम. सचिव म्हणाले, "स्वतःच्या अनुभवाचं काही बोला." मला एकच विषय सुचला, आमची कुत्री भुरी. हसू नका. आमच्या जुनी इंदूरच्या गल्लीत तिच्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, आणि तिच्यामुळेच ते पुन्हा सुरू झालं.

जुलै २०२३ मध्ये भर पावसात ही वर्षभराची कुत्री आमच्या वाड्याच्या जिन्याखाली येऊन बसली. मागचा एक पाय उचलून धरलेला. मुलीने पोळी टाकली, पोतं अंथरलं, आणि महिन्याभरात ती घरची झाली. पण घरची म्हणजे फक्त मुलीची आणि माझ्या आईची. बाकी कोणी जवळ आलं की दात दिसायचे. दूधवाल्या भैयाची पँट फाटली. कचरागाडीचं गाणं गल्लीच्या टोकाला वाजलं की ही आधी थरथरायची आणि मग दारावर धावून जायची.

मी काय केलं? जे बहुतेक घरांत करतात तेच. गुरगुरली की वर्तमानपत्राची सुरळी करून फटका. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं. मला वाटलं, झालं काम.

२८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गल्लीतून विसर्जनाची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, फटाके. भुरी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली होती. तिला बाहेर काढायला मी हात घातला, आणि तोंडातून आवाजही न काढता ती मनगटाला कडकडून चावली. योगायोग बघा, २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, म्हणून तो जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. आणि भुरीला तोवर रेबीजची लस टोचलेली नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे प्रत्येक घराला उपयोगी आहे. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना. मला दंडात पाच इंजेक्शनं झाली: पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं औषधही देतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून "बघू उद्या" चालत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. म्हणाल्या, "महापालिकेची गाडी बोलवा. माझा नातू याच चौकात खेळतो." मुलगी त्यांना उलट बोलली, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. आता विचार करतो, काकूंचं काय चुकलं होतं? काहीच नाही. खरं सांगतो, कुत्रीला बायपासच्या पलीकडे सोडून यावं असं माझ्याही मनात आलं होतं. आईने अडवलं. म्हणाली, "आपल्या नातवाला चावू नये म्हणून दुसऱ्याच्या नातवाच्या गावात सोडणार का?"

दहा दिवस तिला वेगळं बांधून नजरेखाली ठेवलं. ती धडधाकट राहिली, मग महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी पाय तपासला. खुब्याला जुनी दुखापत होती, हात लागला की कळ जायची. दुखणाऱ्या जनावराला शहाणपण शिकवता येत नाही, आधी दुखणं बघा, म्हणाले. औषध दिलं, लस टोचली, पुढे नसबंदीही झाली. मी सुरळीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "गुरगुरणं म्हणजे तिची सूचना होती, की मला भीती वाटते, लांब राहा. तुम्ही भीती तशीच ठेवली आणि सूचना बंद केली. म्हणून ती न सांगता चावली."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पाणी येतंय हे दाखवणारी पट्टी पुलाच्या खांबावरून खोडली तर पूर थोडाच थांबतो?

मग उपाय काय? तो शंभर वर्षं जुना आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी एका लहान मुलावर केलेल्या प्रयोगाची हकीकत छापली. मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मूल निवांत खात असेल तरच ससा थोडा पुढे. शेवटी तो सशाला हात लावू लागला. कुत्र्याच्या बाबतीतही हेच: ज्याची भीती, ते इतकं लांब ठेवायचं की भीती उसळत नाही, आणि ते दिसलं की काहीतरी छान मिळतं.

लांब म्हणजे किती? इथे माझा डिप्लोमा कामी आला. मी टेप घेतली आणि एक जुनी वही मेजरमेंट बुक म्हणून उघडली. अनोळखी माणूस किती फुटांवर असताना भुरी उकडलेलं अंडं खाते, आणि किती फुटांवर खाणं सोडते, याची नोंद. पण अनोळखी माणूस आणायचा कुठून? घरातले सगळे तिच्या ओळखीचे. शेवटी मी काकूंच्याच दारात गेलो. म्हटलं, "काकू, रोज दहा मिनिटं तुमच्या ओटल्यावर बसाल का? फक्त बसायचं. तिच्याकडे बघायचंही नाही." काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिचं तोंड बांधून आणा."

त्यांचं बरोबर होतं. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसं जाळीचं मुसकं आणलं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि खाताही येतं. आधी आठ दिवस मुसक्यात अंडं ठेवून तिनेच आपणहून तोंड घालावं, असं केलं.

डिसेंबरातली पहिली नोंद २५ फूट. फेब्रुवारीत १४. मार्चमध्ये रंगपंचमीला गेर बघून रंगलेल्या तोंडांची पोरं गल्लीत शिरली आणि आम्ही पुन्हा २० वर. तेव्हा मुलगी रडली. काकू म्हणाल्या, "अगं, माणसालाही वेळ लागतो." मे महिन्यात ६ फूट. जूनमध्ये काकूंनी स्वतः अंड्याचा तुकडा टाकला.

या काळात तिची भाषा कळू लागली. झोप नसताना जांभई, पुन्हापुन्हा ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली. हे दिसलं की आपण मागे सरायचं. जिन्याखालची जागा तिची. तिथे कोणी हात घालायचा नाही, पाहुण्यांच्या मुलांनीही नाही.

२०२४ ची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. दोन महिने आधीपासून मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून तिला खायला घालत होतो. त्या संध्याकाळी मधल्या खोलीत खिडक्या बंद, पंखा सुरू, आई शेजारी जप करत बसलेली. फटाके वाजले तेव्हा ती थरथरली, पण अंडं खाल्लं. रात्री अकराला आईच्या पायाशी झोपली. आयुष्यात पहिल्यांदा मी झांकी बघायला गेलो नाही, आणि मला चुकल्यासारखं वाटलं नाही.

भुरी पूर्ण बदलली का? नाही. बाहेर नेताना मुसकं आजही असतं. टोपीवाल्या माणसाला ती अजून चार फुटांच्या आत येऊ देत नाही. पण ती पुन्हा गुरगुरते, आणि आम्ही ऐकतो. त्या रात्रीनंतर कोणालाही चावलेली नाही.

याच महिन्याच्या २२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आधीच्या आदेशात बदल केला: नसबंदी आणि लसीकरण झालेली भटकी कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक मात्र सोडायची नाहीत. म्हणजे गल्लीतली बरीच कुत्री आपल्यासोबतच राहणार. होळकरांच्या या शहरात घरोघरी खंडोबाच्या टाकावर कुत्रा आहे. त्याला आपण हळद वाहतो. दारातल्याला निदान दगड तरी मारू नये, आणि मुलांनाही मारू देऊ नये.

येत्या शनिवारी अनंत चतुर्दशी. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी त्याला लवकर आत घ्यावं. आणि पंचखाद्यात बेदाणे असतील तर प्रसाद म्हणूनही त्याला देऊ नका, कुत्र्यांना ते विष आहे. भुरीसाठी काकू साधी पोळी पाठवतात.

गणपती बाप्पा मोरया!