परदेशचा प्रवास आणि दूध न सोसणारें बालक

मुंबईंतील गोठे शहराबाहेर हलवून नागरिकांस निर्भेळ दूध मिळावें, या हेतूनें १९४९ सालीं दिंडोशीजवळच आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. अशा दुधाच्या शेजारांतहि एखादें तान्हें मूल असें निघतें कीं, त्यास दुधाचा घोट सोसत नाहीं. घरीं आई, आजी व नेहमींचे डॉक्टर मिळून त्याची निगा राखतात. परंतु लंडनास किंवा दुबईस आप्तांकडे जाण्याचें ठरलें, म्हणजे बाळाच्या पोटाची चिंता उभी राहते.

‘दूध सोसत नाहीं’ या शब्दांत दोन निराळे विकार दडलेले असतात. दुधांतील लॅक्टोज नांवाची साखर पचविणारें द्रव्य कमी पडलें, तर पोट फुगतें व जुलाब होतात. तान्ह्या मुलांत हें बहुधा जुलाबाच्या आजारानंतर कांहीं काळापुरतें घडतें. दुधांतील प्रथिनांचें वावडें असेल, तर अंगावर गांधी उठतात, ओकाऱ्या होतात, शौचांत रक्त दिसतें, क्वचित् श्वासहि कोंडतो. परदेशांत ‘लॅक्टोजविरहित’ दूध सहज मिळतें. पण त्यांत प्रथिनें तशींच असतात. म्हणून वावडें असलेल्या मुलास तें घातक ठरूं शकतें. शेळीच्या व म्हशीच्या दुधांतील प्रथिनें गाईच्या दुधाशीं मिळतींजुळतीं असल्यामुळें तेंहि चालत नाहीं. तेव्हां मुलास कोणता विकार आहे, हें निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडून लिहून घ्यावें.

मूल अंगावर पीत असेल, तर प्रवास पुष्कळ सुकर होतो. वावडें असल्यास आईनें डॉक्टरांच्या सल्ल्यानें स्वतः दूध, दही, लोणी, खवा वर्ज्य करावा. स्तनपान तोडण्याचें सहसा कारण नसतें. वरची भुकटी लागत असल्यास डॉक्टरांनीं ठरविलेलीच, सर्व दिवसांस पुरून उरेल इतकी घ्यावी. तिचा बराच भाग हातांतील पिशवींत असावा. पेटी चुकली तरी बाळ उपाशी राहतां कामा नये. विमानतळावर पातळ पदार्थांस १०० मिलिलिटरांची मर्यादा असली, तरी बालकाच्या अन्नास सवलत मिळते. तें तपासणीच्या वेळीं वेगळें काढून दाखवावें.

भुकटी निर्जंतुक नसते. उकळलेलें पाणी ७० अंशांखालीं उतरण्यापूर्वीं तींत मिसळावें, कोमट झाल्यावर पाजावें, आणि दोन तासांत न संपलेलें दूध टाकून द्यावें.

सहा महिन्यांवरील मुलास नाचणीचें सत्त्व, तांदळाची पेज, मुगाचें वरण सोसतें. तीं तूप न घालतां करावींत. विकतच्या डब्यावरील घटक वाचावेत. यूरोपांत दुधाचा उल्लेख उठावदार अक्षरांत करावा लागतो. ‘व्हे’ आणि ‘केसीन’ हीं दुधाचींच अंगें होत. उपाहारगृहांत विचारतांना दुधास फ्रेंचमध्यें ‘ले’, जर्मनमध्यें ‘मिल्श’, स्पॅनिशमध्यें ‘लेचे’ म्हणतात, एवढें ठाऊक असावें.

ओठ सुजले, श्वास घरघरूं लागला किंवा मूल निस्त्राण झालें, तर क्षणहि दवडूं नये. डॉक्टरांनीं ॲड्रिनलिनची सुई दिली असल्यास ती तत्काळ टोचून रुग्णवाहिका बोलवावी: लंडनांत ९९९, दुबईंत ९९८.

यजमानांस मात्र आधींच सविस्तर कळवावें. नातवंडाच्या जिभेवर कौतुकानें श्रीखंडाचें बोट लावणाऱ्या आजीस हा धोका कोणीं सांगितलेला नसतो. तो सांगणें हें आईबापांचेंच काम आहे.