परदेशी अभ्यासदौरा आणि आपले ज्ञानदान
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांस साहाय्य करावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. दोन-तीन आठवड्यांत कसला अभ्यास होणार, आहारधर्माचे काय, आणि याच रकमेत वसतिगृहाच्या खोल्या वाढणार नाहीत का, असे प्रश्न ज्येष्ठांनी विचारले आहेत. ते रास्त आहेत. तरीही मी या प्रस्तावाच्या बाजूने, परंतु काही अटींसह, बोलणार आहे.

आहारधर्माचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८९३ सालच्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले. साध्वाचारामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या २९ वर्षांच्या पदवीधर श्रावकाला आपल्यापाशी ठेवून जैन दर्शनाची तयारी करवून घेतली आणि मग पाठविले. वीरचंदभाई परदेशात शाकाहारीच राहिले. तरी परतल्यावर समुद्रोल्लंघनाबद्दल समाजातील काहींनी त्यांना विरोध केला. आज त्यांचेच नाव आपण अभिमानाने घेतो. आधी तयारी, मग प्रस्थान, हा क्रम महाराजांनी घालून दिला आहे.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. इंटरनॅशनल स्कूल फॉर जैन स्टडीज या संस्थेमार्फत २००५ पासून परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापक काही आठवड्यांसाठी भारतात येऊन जैन धर्माचे अध्ययन करीत आले आहेत. ते व्याख्याने ऐकतात, तीर्थे पाहतात, साधु-साध्वींना प्रश्न विचारतात. अशा एखाद्या विद्यार्थ्याने अपरिग्रहाचा अर्थ विचारला, तर आपला पदवीधर मुलगा काय सांगेल?

आता अभ्यास म्हणजे काय, ते माझ्या व्यवसायातील उदाहरणाने सांगतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ स्टायल गावी सॅम्युअल ग्रेग यांनी १७८४ साली स्थापलेली क्वारी बँक ही सूतगिरणी आज संग्रहालयाच्या रूपाने जतन केली आहे. गिरणीत राबणाऱ्या अनाथ, निर्धन मुलांचे निवासगृहही तेथे पाहावयास मिळते. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील गुलामांच्या श्रमातून येई. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, कापूस अडला आणि मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाचे भाव कडाडले. हे आधी वाचून गेलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्या निवासगृहासमोर उभा राहील, तेव्हा स्वस्त कापडाच्या पोटी किती हिंसा दडली होती, हे त्याला उमगेल. न वाचता गेलेला छायाचित्र काढून पुढच्या दुकानाकडे वळेल. परतल्यावर पहिला विद्यार्थी आपल्या गावच्या जिनिंगमधील मजुराकडेही निराळ्या दृष्टीने पाहील. तो लाभ मी अभ्यास समजतो.

म्हणून माझ्या अटी अशा. ज्यांचे पालक सहज खर्च करू शकतात, त्यांना निधीतून एक रुपयाही देऊ नये. वसतिगृहातील गरजू मुला-मुलींचा हक्क पहिला असावा. जाण्यापूर्वी तीन महिने धर्माचे व त्या देशाचे वाचन व्हावे आणि त्याची तोंडी परीक्षा घ्यावी. परतल्यानंतर विद्यार्थ्याने याच सभागृहात समाजापुढे वृत्तांत सांगावा आणि खर्चाचा हिशेब लेखी द्यावा. वसतिगृहासाठी राखून ठेवलेल्या रकमेला हात लावू नये. दौऱ्याचा निधी स्वतंत्र असावा. पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी पाठवावेत, एक मुलगा व एक मुलगी. फलित दिसले तरच पुढे जावे.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानांत आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे यथाशक्ती वाटा उचलला. ज्ञानदानाची कक्षा आता थोडी विस्तारावी, एवढीच विनंती. त्या स्वतंत्र निधीत माझ्या पेढीतर्फे पहिल्या विद्यार्थिनीच्या प्रवासखर्चाची रक्कम मी आज जाहीर करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.