व्यसन आणि औषधाची मात्रा

(येलदरी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



तंबाखू, विडी व दारू यांपासून मुखाचा कर्करोग होतो, हे आता घरोघर ठाऊक आहे. रोग जडल्यावरही व्यसन चालू राहिले तर औषधाचे काय होते, याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

पोटात गेलेले औषध निकामी करून बाहेर टाकण्याचे काम मुख्यत्वे यकृत व मूत्रपिंडे करतात. आपल्या येलदरी धरणाचे दरवाजे जितके अधिक उघडावेत तितके पाणी लवकर पूर्णेत जाते. यकृतातील विकरांचेही तसेच आहे. विडी-सिगारेटच्या धुराने त्यांतील काही विकरे वाढतात आणि काही औषधे लवकर नष्ट होतात. एर्लोटिनिब हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने, जे १९४१ साली सुरू झाले, मुखकर्करोगावर मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या जोडीने हे औषध वापरून पाहिले आहे. धूम्रपान करणाराच्या रक्तात त्याचे प्रमाण न करणाराच्या निम्म्याहूनही कमी भरते. गोळी तीच, खर्च तोच. गुण मात्र उणा!

हा परिणाम धुराचा आहे. म्हणून तंबाखू मळणारांनी निर्धास्त होऊ नये. रोगाचे मूळ तीच.

दारूची तऱ्हा निराळी. मेथोट्रेक्सेट मुळातच यकृतास जड. दारूने ती इजा वाढते. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांस जाचते, म्हणून त्या काळी शरीरात भरपूर पाणी राहावे लागते; दारू तर लघवीवाटे पाणी घालविते.

बंधूंनो, घराण्याचे नाव राहावे, मुलीचे लग्न अडू नये, म्हणून रुग्णाचे व्यसन डॉक्टरांपासून लपविण्याची रीत आपल्यात आहे. ‘आमचे काका निर्व्यसनी आहेत’ असे सांगून आपण काकांचेच अहित करतो. कारण डॉक्टर त्या सांगण्यावर मात्रा ठरवितात. विडी सोडलीत तर तेही सांगावे. वाढलेली विकरे काही दिवसांतच ओसरू लागतात आणि पूर्वीची मात्रा अधिक होण्याचा संभव असतो. नित्य पिणाऱ्याने दारूही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

माता-भगिनींनो, दवाखान्यात रुग्णासोबत बहुधा आपणच असता. तेथे संकोच सोडून खरे सांगावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.