आपलं मूल, इतरांची मुलं



आई-बाप झालं की माणूस बदलतो, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोललं जातं की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. उनाड मुलाच्या घरच्यांना ‘दोनाचे चार हात करून टाका, एक पोर झालं की येईल ताळ्यावर’ असा सल्ला अजूनही मिळतो. तो ताळ्यावर आला नाही तर त्याची किंमत बायको आणि ते पोर मोजतात, हा भाग सल्ला देणारे गाळतात. माझं म्हणणं असं की, मूल झाल्यानं कोणी आपोआप सज्जन होत नाही आणि प्रतिभावंतही होत नाही. एका लहान जिवाकडे रोज, कंटाळा आला तरी, जवळून बघणं मात्र त्याला भाग पडतं. त्या बघण्यातून नवं काही घडू शकतं. पण बहुधा तेव्हाच, जेव्हा ते बघणं स्वतःच्या मुलापाशी थांबत नाही.

चार्ल्स डार्विनचं उदाहरण घेऊ. 1839 मध्ये त्याला पहिला मुलगा झाला आणि डार्विननं त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. सातव्या दिवशी बाळाच्या उघड्या तळपायाला त्यानं कागदाचा तुकडा लावून पाहिला. बाळानं पाय झटकन ओढून घेतला आणि बोटं आकसली. मूल साडेचार महिन्यांचं असताना तो त्याच्यापाशी तऱ्हेतऱ्हेचे मोठे आवाज काढायचा आणि मूल ते गमतीत घ्यायचं. एक दिवस त्यानं मोठ्यानं घोरल्याचा आवाज काढला. मूल गंभीर झालं आणि रडायला लागलं. दोन-तीन दिवसांनी विसरून त्यानं पुन्हा तोच आवाज काढला आणि पुन्हा तेच झालं. एखाद्या बापानं हे बायकोला हसत सांगितलं असतं आणि विसरून गेला असता. डार्विननं विचारलं, की ही भीती आली कुठून? कोणी शिकवलेली तर नाही! माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवरचा त्याचा ग्रंथ 1872 मध्ये आला, त्यात अशा निरीक्षणांचा उपयोग झाला. बाळाच्या नोंदी स्वतंत्र लेख म्हणून 1877 मध्ये छापल्या गेल्या. आता कोणी म्हणेल, डार्विन मुळातच निरीक्षक होता, त्यात बापपणाचं काय? आक्षेप रास्त आहे. मूल होण्याआधीच्या वर्षी तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाच्या ओरांगउटानकडे तितक्याच बारकाईनं बघत होता. पण प्राणिसंग्रहालयातून संध्याकाळी घरी जाता येतं, आणि मूल तर घरातच असतं. विषयापासून सुटका नसणं, हा या निरीक्षणाचा मोठा लाभ. अर्थात, रात्रीची जागरणं आणि दुपटी दुसऱ्या कोणाकडे असली तर वहीत नोंदी करणं सोपं जातं, हेही विसरू नये. ज्याँ पियाजेनं स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून बालमानसशास्त्राची दिशा बदलली. त्या निरीक्षणांत त्याची पत्नी व्हॅलेंटाइन हिचा मोठा सहभाग होता. पुस्तकांवर नाव मात्र एकट्याचं आहे. पालकत्व आणि निर्मितीचा हिशेब मांडताना ‘पालक’ म्हणजे नेमकं कोण, हे आधी विचारलेलं बरं.

आपल्या जवळचं उदाहरण जास्त बोलकं आहे. गिजुभाई बधेका वकील होते. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला कसं वाढवावं, या प्रश्नातून ते माँटेसरीच्या लेखनापर्यंत पोचले. 1916 मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणू लागले. पुढे ताराबाई मोडक तिथे आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी लहान मुलगी. घरच्या मुलांपासून निघालेला प्रश्न इथे पालकांच्या कल्पनेपलीकडे गेला. कारण 1945 मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत. शहरातल्या शिशुविहारात चालणारी माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग बिया, शिंपले, पानं, दगड हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला गेलेल्यांसाठी कुरणात भरवायची. मोठी मुलगी का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे म्हणून. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्याची रचना त्यांनी केली. मला यात खरी सर्जनशीलता दिसते. कडेवरचं मूल ही शाळेची अडचण आहे, असं न मानता तोच शाळेच्या आराखड्याचा आधार करणं, हे मुलांमागच्या रोजच्या धावपळीचा अंदाज असलेल्या माणसालाच सुचतं.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप उभा राहतो, आणि तो त्याच टेकडीवर उभा आहे. ताराबाईंचं काम ज्यांनी खांद्याला खांदा लावून केलं आणि 1973 मध्ये त्या गेल्यावर पुढे चालवलं, त्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. स्वतःचं मूल नाही. साने गुरुजी अविवाहित. र. धों. कर्वे यांनी तर विचारपूर्वक मूल होऊ दिलं नाही, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि खटले अंगावर घेतले. पुढच्या पिढ्यांची यांच्याइतकी काळजी किती बापांनी वाहिली? मग पालकत्वाची गरजच काय? गरज आहे असं मी म्हणतच नाही. मुलाकडे जवळून बघायला लावणाऱ्या अनेक वाटांपैकी पालकत्व ही एक वाट. फक्त तिच्यावरून सर्वाधिक माणसं जातात, आणि बरीचशी न ठरवता जातात. अनुताई ठरवून गेल्या. त्यांच्या वाटेला पुण्याई जास्त असेल, पण समाज केवळ ठरवून जाणाऱ्यांवर चालत नाही.

न ठरवता जाणाऱ्यांची मूल्यं खरोखर बदलतात का? इथे थोडा मोजलेला पुरावा आहे. एबोन्या वॉशिंग्टन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2008 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण मुलांची संख्या सारखी धरली, तर ज्यांना मुली अधिक ते स्त्रियांच्या प्रश्नांवर, विशेषतः प्रजननाच्या हक्कांवर, अधिक उदार मतदान करतात, असं त्यांना दिसलं. 2015 मध्ये ग्लिन आणि सेन या अभ्यासकांना तिथल्या अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांतही असाच कल आढळला. मुलगा की मुलगी हे आपल्या हातात नसतं, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. मुलगी घरी आल्यावरच ज्याला स्त्रियांचा प्रश्न कळतो, त्याला शेतमजुराचा प्रश्न कळायला काय व्हावं लागेल? आणि मुलगा की मुलगी हे आपल्या हातात नसतं, हे वाक्य महाराष्ट्रात म्हणताना जीभ अडखळावी. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपण 1988 मध्ये केला. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 913 होती, ती 2011 मध्ये 894 झाली. मुली अशा नाकारणारे सगळे पालकच होते किंवा होऊ घातलेले. भविष्याबद्दलची आशा त्यांच्याकडेही होती, घराण्यापुरती.

म्हणून ‘मूल झालं की माणूस दूरचा विचार करतो’ या विधानाला मी अर्धंच खरं मानतो. दूरचा करतो, पण अरुंद करतो. पाचवीपासून फाउंडेशनचा क्लास, त्यासाठी काढलेलं कर्ज, शेजारच्या मुलाच्या टक्क्यांवर ठेवलेली नजर, हाही भविष्याचाच विचार आहे. यावर कोणी म्हणेल, आपल्या मुलाचं आधी बघणं स्वाभाविक आहे, त्यात लाज कसली? लाज नाहीच. ताराबाईही आईच होत्या. प्रश्न एवढाच, की आपल्या मुलासाठी जे शिकलो ते दुसऱ्याच्या मुलासाठी वापरायची वेळ आली की आपण काय करतो.

ती वेळ आपल्याकडे येऊन गेली आहे, दोनदा. कोसबाडला अंगणात भरणाऱ्या त्या बालवाडीचं ‘अंगणवाडी’ हे नाव 1975 मध्ये केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेनं उचललं. सुरुवात 33 प्रकल्पांपासून झाली, आज देशात 13 लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. मध्यमवर्गानं मात्र आपली मुलं नर्सरीत घातली. अंगणवाडी ही गरिबांची सोय ठरली, आणि सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं, याचं आपल्याला फारसं काही वाटेनासं झालं. स्वतःचं मूल तिथे असतं तर तिच्या संपाच्या बातम्या आपण आतल्या पानावर सोडून पुढे गेलो नसतो.

दुसरी वेळ अगदी अलीकडची. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. कागदावरचा निकाल लागला. पण दर जूनमध्ये शाळा भरल्यावर, पहिल्या पालकसभेत उरलेल्या 75 टक्क्यांच्या आई-बापांपैकी कोणीतरी हात वर करून विचारतो, की ‘ती’ मुलं आमच्या मुलांच्याच तुकडीत का. त्या वेळी बाकीचे आई-बाप गप्प बसतात की उत्तर देतात, हे कुठल्याही न्यायालयापुढे जात नाही.