रत्नागिरीचा थिबा राजवाडा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी आपण गावाकडच्या घरांच्या आठवणी काढतो. मीही आज रत्नागिरीच्या एका घराविषयी बोलणार आहे. मात्र ते ज्यांच्यासाठी बांधले गेले ती माणसे आपल्या मुलखातली नव्हती. आपण पोटापाण्यासाठी महाराष्ट्र सोडून इकडे आलो. त्यांना बंदिवान म्हणून आपल्याकडे आणले गेले.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले येथे पदच्युत केले आणि मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. बरोबर दोन राण्या आणि तीन मुली. त्यांतली तिसरी वाटेत मद्रासलाच जन्मलेली. चौथी रत्नागिरीत झाली. दिल्लीच्या बहादूरशहा जफरने याच इंग्रजांच्या कैदेत १८६२ साली रंगूनला देह ठेवला होता. तिकडचा राजा इकडे आणि इकडचा बादशहा तिकडे, असा हा हिशेब!

राजाला प्रथम सरकारी बंगल्यांत ठेवले. त्याच्यासाठी स्वतंत्र वाडा उभा राहिला तो १९१० साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. सरकारी कागदाच्या चालीचे मला तरी नवल वाटू नये, इतकी वर्षे माझी त्याच कागदांत गेली आहेत. पण वाटते खरे.

वाडा मात्र देखणा झाला. तीन मजली, उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा. सागवानाचे कोरीवकाम पाहत राहावे असे. उंचावरून भाट्याची खाडी आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. त्या समुद्राकडे पाहत राजा तासन् तास बसे, असे सांगतात. परवानगीवाचून त्याला गावाबाहेर जाता येत नसे. या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे लाभली. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली, राजा १९१६ च्या डिसेंबरात. पार्थिव स्वदेशी नेता येईल या आशेने दफन लांबवले गेले. अखेर १९१९ मध्ये ते रत्नागिरीतच झाले. त्याच वर्षी थोरली राणी सुपायालत ब्रह्मदेशास परतली.

पण घराण्याची एक शाखा रत्नागिरीतच रुजली. थोरल्या राजकन्येला चाकरीतल्या एका मराठी द्वारपालापासून मुलगी झाली होती. तिचे नाव टूटू. मायलेकी ब्रह्मदेशास जाऊन पुन्हा रत्नागिरीस आल्या. राजकन्या १९४७ साली तेथेच वारली. टूटूचे लग्न, संसार, मुलेबाळे, सारे रत्नागिरीत आणि सारे मराठीत. राजाची ही नात गरिबीत म्हातारी झाली आणि २००० साली गेली. वाड्यात पुढे वस्तुसंग्रहालय आले. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीस भेट देऊन गेले.

आम्ही कोकणातली माणसे टूटूला कौतुकाने ‘आपली’ म्हणतो. तिच्या तोंडी मराठी आली त्याचा आम्हाला आनंद. त्या घरातून ब्रह्मी भाषा गेली, त्याचे दुःख थिबाच्या बाजूने आम्ही कधी मोजले नाही. माझी नात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. परवा मी तिला रागावलो, आणि रागावता रागावता टूटू आठवली. पुढचे शब्द तोंडातच राहिले.