चोरांच्या कथा आणि वाचकाचे मन

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी गंभीर विषयांचे विवेचन केले आहे. मी विद्वान नाही. साठ वर्षांहून अधिक काळ या ग्रंथालयाचा वर्गणीदार आहे, एवढीच माझी पात्रता. म्हणून विद्वान सहसा ज्याच्या वाटेला जात नाहीत असा विषय मी निवडला आहे : चोर, ठक आणि धूर्त यांच्या अद्भुत साहसकथा. रेशनची रांग मोडण्याचेही ज्याला कधी धैर्य झाले नाही, असा माझ्यासारखा माणूस या कथांत इतका का रमतो?

एक कारण उघड आहे. कथेतला चोर हा कारागीर असतो आणि कारागिरी पाहण्यात सुख असते. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील अपहारवर्मा चंपानगरीत चोरीला निघतो, तेव्हा कवी त्याच्या साहित्याची यादीच देतो. तीत चिमटा आहे, मापाची दोरी आहे, माणसाचे खोटे मुंडके आहे आणि दिवा विझवण्यासाठी भुंग्यांची डबीसुद्धा आहे! 'मृच्छकटिका'तील शर्विलकही दिव्यावर किडाच सोडतो. मापाची दोरी घरी विसरली म्हणून तो गळ्यातल्या जानव्याने भिंत मोजतो. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे हा ब्राह्मण चोर आपल्या घरचाच झाला आहे.

दुसरे कारण असे की, हे धूर्त लोभी माणसाला त्याच्याच लोभाने फसवतात. अपहारवर्मा एक साधी चामड्याची पिशवी सोने देणारी असल्याची हूल उठवतो. मात्र ती फळावी म्हणून अन्यायाने मिळवलेले धन आधी परत केले पाहिजे, अशी अट असते. काममंजरी नावाची गणिका त्या आशेने, ज्याला लुबाडून तिने कफल्लक केले होते त्या विरूपकाचे धन परत करते. आपल्या हैदराबादेत उर्दू दास्तानांची ज्यांना गोडी आहे, त्यांना अमर ऐयारची झंबील लगेच आठवेल. तिच्यात सारी दुनिया मावते. पिशवी हे धूर्तांचे जुने दैवत दिसते.

या कुळाची पाश्चात्त्य शाखा मला आबिड्सच्या फुटपाथवर, रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात भेटली. फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाने फाफर्ड आणि ग्रे माउझर या दोन धूर्तांची जोडी 1939 साली प्रथम छापून आणली. एक उत्तरेकडचा धिप्पाड रानवट गडी, दुसरा ठेंगणा, चपळ, जादूगाराकडची उमेदवारी सुटलेला. त्यांचे लांकमार हे शहर काल्पनिक आहे. तिथे चोरांचाही संघ आहे आणि त्या संघाचे नियम कोणत्याही सहकारी सोसायटीपेक्षा कडक आहेत.

या मालिकेतील 'इल मेट इन लांकमार' ही दीर्घकथा 1970 सालची. तीत या दोघांची मैत्री कशी जमली ते सांगितले आहे. चोरी करून परतणाऱ्या संघाच्या चोरांनाच हे दोघे लुटतात. मग मेजवानी होते, मद्य होते, आणि त्या धुंदीत भिकाऱ्यांचा वेष घेऊन ते थेट संघाच्या वाड्यात शिरतात. इथवर वाचक हसत असतो. ते परत येतात तेव्हा घरी थांबलेल्या त्यांच्या दोघी प्रियतमा संघाच्या मांत्रिकाच्या करणीने मेलेल्या असतात. ते सूड घेतात आणि शहर सोडून निघून जातात. तीस वर्षे त्यांच्या लीला रंगवल्यावर लेखकाने त्यांच्या मैत्रीच्या मुळाशी हे दुःख ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या कथा वाचताना आपण चोराच्या खांद्यावर बसून घरात शिरतो. ज्याचे घर फुटले त्याचे काय झाले, हे बहुतेक कथा सांगतच नाहीत. 'मृच्छकटिक' सांगते. चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचा चारुदत्ताला आधी आनंदच होतो! मग ध्यानात येते की, गेले ते वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले दागिने. दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली, यावर विश्वास कोण ठेवणार? संशय त्याच्यावरच येणार. अखेर त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला पुढे करते. स्त्रीच्या अंगावरचे दागिने मी हिसकावत नाही, अशी शर्विलकाची बढाई असते. पण त्याच्या चोरीने एका स्त्रीचा दागिना घराबाहेर गेला, तो असा.

आता एक कबुली. सातवीत असताना मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर लुब्ध होतो. एकदा पुस्तक मिळण्याची पाळी लांबली, म्हणून याच ग्रंथालयातून काळा पहाडचे एक पुस्तक सदऱ्याखाली लपवून मी घरी नेले. पंधरा दिवसांनी ते गुपचूप फळीवर ठेवले आणि आपण मोठे शर्विलक, अशा ऐटीत वावरलो. कित्येक वर्षांनी एका जुन्या सभासदाकडून कळले की, त्या महिन्यात पुस्तकाची किंमत शिपाईमामांच्या पगारातून कापली गेली होती. फळीवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. पुस्तक आपोआप परत आल्यावर तर संशय अधिकच वाढला. तोवर मामा या जगात नव्हते.

शर्विलकाला मदनिका भेटली. दागिने कोणाचे हे कळताच तिने आधी विचारले, कोणाला इजा तर केली नाहीस ना? मग ते परत करण्याची वाट तिनेच दाखवली. मला तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते आणि मी स्वतःलाही तो विचारला नाही.

त्यानंतरही मी या कथा सोडल्या नाहीत आणि सोडणारही नाही. मुलांच्या हातूनही त्या काढून घेऊ नयेत, असे माझे मत आहे. मात्र आता दिवा विझला की, अंधारात कोण झोपले आहे, हे मी शोधू लागतो. ज्या कथेत ते सापडते ती मी पुन्हा वाचतो.

शताब्दीच्या या समारंभात संस्थापकांची आणि देणगीदारांची नावे आदराने घेतली गेली, ते योग्यच आहे. मी शिपाईमामांचे स्मरण करतो आणि आपली रजा घेतो.