चुकलेल्या चिठ्ठ्या कुठे असतात?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘कॉम्प्युटरवर बोलायचं नाही’ अशी अट घातली आहे. म्हणून मी माझ्या छंदावर बोलणार आहे. सोसायटीच्या गणपतीत, ऑफिसच्या सहलीत, भाचरांच्या वाढदिवसाला मी मनातलं ओळखण्याचे आणि भाकिताचे खेळ करते. सामान घरातलंच असतं : कागद, पेन्सिल, नाणं, किल्ली, बशी. प्रत्येक खेळाआधी मी सांगते की माझ्याकडे कसलीही शक्ती नाही. आत्ताही ते सांगूनच तीन खेळ केले. जादूगारांनी रहस्य फोडू नये असा शिरस्ता आहे आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण हे तीन खेळ फार जुने आणि सर्वांचे आहेत. आज ते फोडण्याचं कारणही आहे, ते शेवटी सांगते.

पहिला खेळ पाकिटाचा. तुम्ही प्रत्येकानं चार आकडी संख्या धरली, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या केली, चढत्या क्रमानं लावून लहान केली आणि वजाबाकी केली. उत्तर आलं की पुन्हा तेच. आपलं दहावीचं साल घ्या, १९९६. ९९६१ वजा १६९९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. पुढे ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. तिथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. बाईंच्या हातात सुरुवातीपासून असलेल्या बंद पाकिटातही ६१७४ च निघालं.

ही संख्या आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी शोधली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिक्षक होते. संख्यांशी खेळत बसणाऱ्या या मास्तरांकडे इथल्या विद्वानांनी फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचता. फक्त उत्तर तीन आकडी आलं, तर पुढे शून्य लिहून ते चार आकडी ठेवायचं, म्हणजे ९९९ आलं तर ०९९९.

म्हणजे भाकीत केलंच नव्हतं. उत्तर अटळ होतं. संख्या निवडण्याचं स्वातंत्र्य तुमचं होतं, पण त्या स्वातंत्र्यानं फरक काहीच पडणार नव्हता. माणसांच्या बाबतीतही असं करता येतं. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातला बराचसा राशिभविष्याच्या एका पुस्तकातून उचलला होता. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता.’ या सभागृहात हे कोणाला लागू पडत नाही, त्यानं हात वर करावा.

दुसरा खेळ बशीचा. टेबलावर नाणं, किल्ली आणि कंगवा होता. आपल्या एका मित्राला मी म्हटलं, ‘यातली कुठलीही एक वस्तू उचल, हवं तर मत बदल.’ त्यानं मत दोनदा बदललं आणि किल्ली उचलली. मी रुमालाच्या घडीतून चिठ्ठी काढली : ‘तू किल्ली उचलशील.’ टाळ्या पडल्या. आता पुढे कोणी बसलं असेल त्यांनी ती बशी उलटी करा. खाली चिठ्ठी आहे : ‘तू नाणं उचलशील.’ आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे : ‘तू कंगवा उचलशील.’

घरी करणार असाल तर दोन पथ्यं पाळा. भाकीत कुठे ठेवलं आहे, हे आधी कधीही सांगू नका. आणि त्याच लोकांसमोर हा खेळ लगेच दुसऱ्यांदा करू नका. पोरं फार आग्रह करतात, तरी नाही.

इथे कॉम्प्युटरवर एकच वाक्य बोलते, संयोजकांनी माफ करावं. प्रोग्राममध्ये ‘असं असेल तर हे कर, तसं असेल तर ते कर’ अशा वाटा असतात आणि वापरणाऱ्याला त्यातली एकच दिसते. आमच्याकडे टेस्टिंग करणारी मुलगी मात्र चालणारी वाट बघून खूश होत नाही. ती विचारते, ‘दुसरं बटण दाबलं असतं तर?’ बशीच्या खेळात तुमच्यापैकी कोणीही हा प्रश्न विचारला असता, तर माझी पंचाईत झाली असती.

तिसरा खेळ नाण्याचा. बत्तीस जणांना मी उभं केलं. निम्म्यांनी ‘छापा’ म्हणायचं, निम्म्यांनी ‘काटा’. नाणं उडवलं, चुकलेले सोळा खाली बसले. उरलेल्यांत पुन्हा निम्मे-निम्मे. मग आठ, चार, दोन आणि पाचव्या वेळी एकटी उभी राहिली ती आपली मैत्रीण. तिचं सलग पाच वेळा बरोबर आलं! तुम्ही शिट्ट्या वाजवल्या आणि मागच्या रांगेतून कोणीतरी तिला लॉटरीचा नंबरही विचारला. खरं तर बत्तिसातून कोणीतरी एक उरणारच होतं. ती उभी होती म्हणून आपण तिच्याकडे बघत होतो. बसलेल्या एकतीस जणांकडे कोणीच बघत नव्हतं.

आता कारण सांगते. माझे एक काका आहेत, निवृत्त. सगळी मिळकत मुदत ठेवीत. गेल्या वर्षी त्यांना फोनवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला : ‘अमुक शेअर उद्या वर जाईल.’ गेला. दुसऱ्या दिवशी : ‘तमुक खाली येईल.’ आला. असे पाच दिवस, पाचही बरोबर, आणि एक पैसाही मागितला नाही. सहाव्या दिवशी सल्ल्याची फी म्हणून पन्नास हजार मागितले, ते काकांनी भरले. मग मोठी रक्कम ‘गुंतवायची’ होती. ठेवी मोडायला बँकेत जायच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा मला फोन आला.

मी गेले. वाद घालून उपयोग नव्हता. काकांचा मुद्दा बिनतोड होता : ‘अगं, पाचच्या पाच बरोबर आले, माझ्या डोळ्यांदेखत. अंदाजानं एवढं येतं का?’ मग मी काकूंकडून जुनं कॅलेंडर मागून घेतलं, त्याचे बत्तीस कपटे केले आणि म्हटलं, ‘काका, ही बत्तीस माणसं. आता मी मेसेज पाठवणार. सोळांना लिहिते छापा, सोळांना काटा. तुम्ही नाणं उडवा.’ चुकलेले कपटे मी दरवेळी टेबलाखाली टाकत गेले. पाचव्या वेळी टेबलावर एक कपटा राहिला. काकांना म्हटलं, ‘या माणसाला विचारा, माझे अंदाज कसे आहेत ते.’

त्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हिशेब सोपा आहे. सोळाशे नंबर घ्या. आठशे जणांना ‘वर’ कळवा, आठशे जणांना ‘खाली’. ज्यांचं चुकलं त्यांना पुन्हा मेसेज करू नका. पाच दिवसांनी पन्नास माणसं अशी उरतात की ज्यांना तुम्ही देव वाटता. शेअर बाजाराची अक्षरओळख नसली तरी चालतं.

काका बराच वेळ कपट्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी हुशार म्हणून त्यांनी मला निवडला नाही. मी उरलो.’ ठेवी मोडल्या नाहीत. पन्नास हजारांची पोलिसांत तक्रार दिली आहे, ते अजून मिळालेले नाहीत.

चुकलेले मोजायचे कसे, हेही आपल्याकडे करून दाखवलं गेलं आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कुठली कुंडली कोणत्या गटातली, एवढंच विचारलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर साधारण ५० आलं असतं. या चाचणीत जमलेल्यांबरोबर फसलेल्या उत्तरांचाही हिशेब ठेवला होता, टेबलाखाली काही टाकलं नव्हतं.

आपण आता पंचेचाळिशीत आहोत. आपले आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या हातात फोन आहे आणि खात्यात आयुष्यभराची बचत आहे. मुलं कॉलेजात आहेत, त्यांच्या फोनवरही ‘खात्रीशीर’ टिपा येतात. ‘विश्वास ठेवू नका’ असं सांगून कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा त्यांना समोर बसवून हे तीन खेळ करा आणि नंतर फोडून दाखवा. तीन प्रश्न आपोआप लक्षात राहतात. हे सगळ्यांनाच लागू पडलं असतं का? मी दुसरं निवडलं असतं तर काय दाखवलं असतं? आणि ज्यांचं चुकलं ते कुठे आहेत?

बत्तीस कपटे, एक नाणं, अर्धा तास. येत्या दिवाळीत सगळे घरी असतील तेव्हा जमेल. आणि ६१७४ करताना हातचा घ्यायला विसरू नका, आपले गणिताचे सर पहिल्याच रांगेत बसले आहेत.